गिरणीवाल्याचं आकाश

इंग्लंडचे चित्रकार डोंगर-धबधब्यांच्या शोधात लेक डिस्ट्रिक्ट पालथा घालत होते, तेव्हा 1806 मध्ये जॉन कॉन्स्टेबलही तिकडे जाऊन आला. पर्वतांतल्या एकांताने त्याचा जीव दडपला, असं त्याचा चरित्रकार लेस्ली सांगतो. पुढे त्याचं नाव झालं ते सपाट सफोकमधल्या स्टाउर नदीकाठामुळे. तिथल्याच ‘द हे वेन’ या चित्राला 1824 मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळालं. पण त्या काठावरचं आभाळ बघायला त्याला शिकवलं कोणी? हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्डच्या 1803 मधल्या ढगांच्या वर्गीकरणाने, असं कला-इतिहासकार कुर्ट बाट यांनी 1950 मध्ये मांडलं. पुरावाही आहे. हॉवर्डचं वर्गीकरण मांडणाऱ्या फॉर्स्टरच्या हवामानावरच्या पुस्तकाची कॉन्स्टेबलने टिपणं केलेली प्रत सापडते आणि 1821-22 च्या त्याच्या ढगांच्या अभ्यासचित्रांमागे तारीख, वेळ, वारा यांच्या नोंदी दिसतात.

तरीही मला हे श्रेय उशिराचं वाटतं. जॉनचे वडील धान्याचे व्यापारी, फ्लॅटफर्डच्या पाणचक्कीचे मालक. तरुणपणी तो त्यांच्या ईस्ट बर्गहोल्टच्या पवनचक्कीत राबला. तिथल्या लाकडावर पवनचक्कीची आकृती, त्याचं नाव आणि 1792 हे साल कोरलेलं आहे. हॉवर्डचं वर्गीकरण यायला तेव्हा अकरा वर्षं होती. अशा चक्कीचं अख्खं धूड खांबावर फिरवून वाऱ्यासमोर आणावं लागतं. वावटळ पाठीमागून आली तर पाती मोडायची, म्हणून ढग आधी ओळखणं हा पोटाचा प्रश्न. याच चक्कीच्या ‘स्प्रिंग’ या चित्राच्या छापील प्रतीसोबत कॉन्स्टेबलने टिपण लिहिलं. त्यात तो सांगतो की खालून वेगाने सरकणाऱ्या ढगांच्या तुकड्यांना गिरणीवाले आणि खलाशी ‘जासूद’ म्हणतात, कारण ते वाईट हवेची वर्दी देतात. हॉवर्डची लॅटिन नावं हाताशी असताना त्याला गिरणीतला शब्द आठवावा, हे मला फार बोलकं वाटतं.

ढगांची ती चित्रं तर लंडनजवळच्या हॅम्पस्टेडची, असा आक्षेप येईल. पण ‘द हे वेन’ही लंडनमध्येच रंगवलं गेलं, जागा बदलली म्हणून नजर बदलत नाही. रॉइसडाल आणि कझन्स या आधीच्या चित्रकारांच्या नकला त्याने केल्या, हे मान्य. आभाळाची मांडणी तो त्यांच्याकडून शिकला असेल, वाऱ्याची दिशा टिपायची सवय त्यातून येत नाही. फॉर्स्टरने फार तर या जुन्या सवयीला शास्त्राची शिस्त लावली. घरच्या गिरण्या पुढे सांभाळणारा भाऊ अब्राम म्हणे, जॉनने रंगवलेली चक्की बघितली की ती फिरेल असं वाटतं; इतर चित्रकारांच्या चक्क्यांबद्दल त्याला अशी खात्री नव्हती.