बिनवाटेच्या मुलखातील जीप

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, मुलखाचा कारभार ज्या ज्या सत्तेने हाती घेतला, तिची जमाबंदी आणि जंगल यांच्या आधी रस्त्यांच्या अभावाशी गाठ पडली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे आला, १८६० साली निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके सोडून दिले, आणि सिरोंचा येथे कचेरी ठेवून ‘अप्पर गोदावरी’ या नावाचा एक स्वतंत्र जिल्हाही मांडला गेला. परंतु पावसाळ्याचे चार महिने जिथे पोचणेच दुरापास्त, तिथला कारभार हाकावा कसा या प्रश्नाला जमिनीवर उत्तर मिळेना, म्हणून ते पाण्यात शोधण्यात आले. सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेप्रमाणे गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून आगबोटी चालवून नागपूर-वऱ्हाडचा कापूस थेट पूर्व किनाऱ्याला न्यावा, असा तो बेत होता. दुम्मागुडेम, इंचमपल्ली व देवलमरी येथील खडकाळ धबधबे ही त्यातील तीन विघ्ने. ती टाळण्यासाठी बांध व कालवे बांधण्याचे काम हेग नावाच्या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली चालले, आणि मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनी त्याचा मोठ्या उत्साहाने पुरस्कार केला. पण १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली, कापसाने पश्चिमेची वाट धरली, आणि १८७१ साली ही योजना सोडून देण्यात आली. पुढे तीन वर्षांत अप्पर गोदावरी जिल्हाही मोडून सिरोंचा चांद्यास जोडला गेला. लोहमार्ग यथावकाश चांद्यापर्यंत आला खरा, परंतु आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला त्यातून दीर्घकाळ एक वडसा स्थानक तेवढे आले.

तेव्हा या अरण्यात खरे राज्य बैलांचे होते. ओझ्याला बंडी, बसून जायला रेंगी किंवा छकडा, आणि आलापल्लीच्या सागाचे जे ओंडके बैलांच्या आवाक्याबाहेरचे, त्यांना हत्ती. कमलापूरचा जो हत्तींचा कॅम्प आज पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जातो, तिथल्या हत्तींचे मूळ काम लाकूड ओढण्याचेच होते. या वाहनांचा एक गुण विसरता येत नाही, तो असा की ती जिथे मोडत तिथेच दुरुस्त होत. आख मोडला तर गावचा सुतार नवा करून देई, धाव सैल झाली तर लोहार ती तापवून पुन्हा चढवी, आणि आरे, तुंबा, जू हे सारे त्याच रानातून निघत असल्यामुळे गाडीचे आयुष्य किती, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने जो हलका छकडा आजही राखला जातो, त्यात मूळचे लाकूड किती उरले आहे याची चौकशी करणाऱ्यास लोक हसतील. ही दृष्टी पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

बैलांच्या या राज्यात पुढे जी जीप शिरली, तिचा जन्म युद्धातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड कंपनीने, आणि तिच्याच नकाशाबरहुकूम फोर्ड कंपनीने, मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेला लष्करी सरंजाम विक्रीस निघाला आणि त्यातून या गाड्या ठेकेदार, जमीनदार व शिकारी यांच्या हाती पडू लागल्या. १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलिसच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’. त्यांतील गुलाम मोहम्मद हे फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, ही गोष्ट जीपचे पुष्कळ अभिमानी जाणत नाहीत. सरकारी खरेदीने मात्र या गाडीच्या नावाला आरंभीच काळिमा लावला. काश्मीरच्या लढाईच्या धामधुमीत इंग्लंडातून ८० लक्ष रुपयांच्या करारावर डागडुजी केलेल्या जीपगाड्या मागवण्यात आल्या, त्यांतील १५५ काय त्या बंदरास लागल्या आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला घोटाळा तो हाच. जुन्या जीपची डागडुजी हा विषय आपल्याकडे असा एकदम राज्यकारभाराच्या पातळीवर सुरू झाला.

चांद्यात जीप आली ती सरकारच्या खांद्यावर बसून. १९५२ साली सामूहिक विकास योजना निघाली आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी ग्रामीण भारतात रूढ झाली. १९५३ साली हिवतापाच्या नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम आरंभली गेली, आणि ज्या मुलखात हिवताप हा जमिनीच्या कसाइतकाच नित्याचा मानला जाई तिथे डीडीटीचे पिंप घेऊन जाण्यास याहून लायक गाडी नव्हती. वन खात्याची गोष्ट तर वेगळी सांगायला नको. कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, आखायचा, कटाई तपासायची, डेपोत रवानगी किती झाली ते पाहायचे, आणि नाक्यानाक्यावर मुक्काम करीत परतायचे, या साऱ्यासाठी रेंजरला पूर्वी घोडा लागे आणि दिवस लागत; आता समोरची काच बोनटवर पाडून, कोरड्या नाल्याच्या वाळूत चारही चाकांना जोर देऊन, तो सूर्यास्तापूर्वी परतू लागला. वास्तविक या गाडीचे सारे मर्म मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी असलेल्या दोन आखूड दांड्यांत आहे: एक पुढच्या चाकांना जोर देतो, दुसरा गती घटवून ताकद वाढवतो.

परंतु अभिमानाच्या भरात अर्धाच इतिहास सांगणे बरे नव्हे. जीप आणि सर्चलाइट यांच्या संगतीने युद्धोत्तर काळात देशभरच्या जंगलांत जो संहार झाला, तो मचाणावर बसणाऱ्या जुन्या शिकाऱ्याला साधला नसता. शिकारीला मोटार नवी नव्हती. वरोऱ्याचे तरुण वकील मुरलीधर आमटे, जे पुढे बाबा आमटे झाले, त्यांच्यापाशी बिबळ्याच्या कातड्याने मढवलेल्या बैठकांची सिंगर मोटार होती, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. मात्र मोटारीला रस्ता लागे, जीपला तो लागत नसे, आणि फरक नेमका तिथे पडला. ताडोब्यात शिकारबंदी १९३५ सालीच झाली होती आणि १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यानही जाहीर झाले; पण भोवतालच्या रानाला खरे कायद्याचे कवच १९७२ पर्यंत मिळाले नाही. पुढे गडचिरोलीकडे नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगांचा काळ आला आणि जी गाडी सरकारच्या पोहोचेची खूण होती तिच्यात बसणेच जिवावरचे ठरले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात गाडीखालच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा चालक प्राणास मुकले. अशा ठिकाणी ‘जीपचा रोमांच’ हा शब्दप्रयोग जरा जपूनच करावा.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातील क्वेबेक प्रांतात, बिनवाटेच्या वाहनाची अशीच एक कथा घडली आहे. वालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या यंत्रज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आंत्रपुच्छाच्या विकाराने दगावला, कारण बर्फाने बुजलेल्या वाटेवरून त्याला इस्पितळात नेण्यास साधन नव्हते. १९३७ साली त्याने दातेरी चाक आणि पट्टा यांच्या योजनेचे पेटंट मिळवले, सात माणसे बसतील अशी बर्फगाडी बाजारात आणली, आणि डॉक्टर, टपाल व शाळकरी मुले यांची हिवाळ्यातील ये-जा तिच्यावर होऊ लागली. १९४८ साली प्रांत सरकारने खेड्यांतील रस्त्यांवरचा बर्फ हटवण्याचे ठरवले, आणि या गाड्यांचा खप जवळजवळ निम्म्यावर आला. १९५९ साली त्याच कारखान्यातून निघालेली छोटी स्की-डू पुढे क्रीडेचे वाहन झाली, आणि आज त्या थंड देशांतील हौशी माणसे तिच्या जुन्या नमुन्यांना घराच्या पडवीत खोलून, घासून, पुन्हा चालते करीत असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात बर्फगाडीचे नाव काढणे चमत्कारिक वाटेल. पण बिनवाटेसाठी जन्मलेले वाहन वाट झाल्यावर अनाथ होते आणि मग हौशी लोकांच्या आश्रयाला जाते, हा क्रम दोन्हीकडे एकच आहे. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, डांबर आत आत सरकत गेले, प्रवाशांना काळी-पिवळी मिळाली, साहेबांना बंद काचांच्या गाड्या मिळाल्या, आणि निर्लेखित जीपगाड्या लिलावात वजनाच्या भावाने गेल्या. भामरागडची पर्लकोटा मात्र पुलावरून वाहून वाहतूक अडवीत राहिली, हे डांबराच्या अभिमान्यांनी विसरू नये.

या लिलावांतून सुटलेली एखादी गाडी घरी आणून ती पूर्ववत करण्याचा जो छंद आहे, त्याची परिभाषा गमतीची आहे. विलिसच्या मूळ घडणीची ती ‘लो बोनट’, आणि तिच्यामागून आलेली, वरच्या बाजूच्या झडपांमुळे इंजिन उंच झाल्याने नाक वर काढून बसलेली, ती ‘हाय बोनट’. लो बोनटचे २१९९ घन सेंटिमीटरचे, साठ अश्वशक्तीचे इंजिन इतके सरळ की ज्याला पाना धरता येतो त्याला ते कळते. झडपा बाजूला, वर नुसते झाकण, आणि सेल्फ बिघडला तर समोरून हँडल मारण्याची सोय. काम खरे वाढते ते खाली. ज्या गाडीने वर्षानुवर्षे नाले ओलांडले तिचे डिफरन्शियल उघडले की तेल दुधासारखे पांढरे होऊन बाहेर येते, कारण त्यात पाणी मिसळलेले असते. पुढच्या चाकांच्या गोलकांत वंगणाऐवजी वाळू निघते. पाट्यांच्या पानांमध्ये गंज फुगून ती एकमेकांस चिकटलेली असतात. चेसी सरळ आहे की नाही हे दोरी धरून तिरप्या मापांनी पाहावे, ती वाकलेली असेल तर रंगाचा विचारही करू नये. ब्लॉक लेथवाल्याकडे देऊन बोअर करून घ्यावा, पिस्टन व रिंगा त्या मापाच्या शोधाव्यात, पत्र्याचा सांगाडा हवाच असेल तर हरयाणातील मंडी डबवालीचे कारागीर तो नवा घडवतात. आणि गाडी सुरू झाली तरी उन्हाळ्यात ती चढावर अकस्मात बंद पडेल, कारण नळीतच पेट्रोलची वाफ होते; त्यावर जुन्या चालकांचा उपाय पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळणे हाच होता, आणि अद्याप त्याहून स्वस्त उपाय कोणी काढलेला नाही.

येथपर्यंत सारे हौशी लोक एकमताचे असतात. मतभेद होतो तो गाडीला कोणत्या काळात परत न्यायचे यावर. बहुतेकांचा ओढा कारखान्यातून निघाल्या दिवसाकडे असतो. ते मागे बसवलेला ओंडके ओढण्याचा आकडा कापून टाकतात, कोणा मिस्त्रीने लोखंडी पट्टी मारून जोडलेला पत्रा बदलतात, आणि पेट्रोल परवडेना म्हणून पुढे कधीतरी बसवलेले डिझेल इंजिन फेकून मूळचे धुंडाळतात. केंद्र सरकारचा नियमही त्यांच्याच बाजूचा आहे: जुलै २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाखाली वीस हजार रुपये भरून दहा वर्षांकरिता नोंदवता येते, परंतु तिची चेसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि नोंदणी झाल्यावरही तिने प्रदर्शन, रॅली, इंधन व दुरुस्ती अशा ठरावीक कामांखेरीज रस्त्यावर येऊ नये. म्हणजे ज्या जीपने चांद्याच्या जंगलात प्रत्यक्ष चाकरी केली, आणि ती करता करता इंजिन बदलले, पत्रा बदलला, आकडा लावून घेतला, ती या व्याख्येने अपात्र. आणि जी कोठारात झाकून ठेवली ती पात्र. मला हा न्याय उफराटा वाटतो. टोलेडोचा आणि मुंबईचा इतिहास पुष्कळ संग्रहालयांत पाहता येईल. आलापल्ली-सिरोंचा वाटेवरचा इतिहास मात्र त्या आकड्यात, त्या ओबडधोबड वेल्डिंगमध्ये आणि रंगाच्या एकावर एक चढलेल्या थरांतच लिहिलेला आहे, आणि सॅंडपेपरने तो एका दुपारीत पुसला जातो. छकडा राखणाऱ्या झाडीपट्टीच्या माणसाला हा वाद पडतच नाही; त्याने प्रत्येक दुरुस्ती गाडीचीच मानली.

माझ्या मते गंज काढावा, यंत्र निर्धोक करावे, ब्रेक नवे घालावेत, आणि बाकीचे जितके सोसवेल तितके तसेच ठेवावे. रंगाचा एखादा हातभर तुकडा, शक्यतो दरवाजाच्या आतल्या बाजूला, थर दिसतील असा खरवडून उघडा राखावा. याहूनही महत्त्वाची एक गोष्ट लोक मागतच नाहीत. प्रत्येक सरकारी गाडीबरोबर लॉगबुक असे. त्यात कोठून निघाली, कोठे गेली, किती मैल, कोणत्या कामासाठी, आणि खाली अंमलदाराची सही, असा रोजचा हिशेब असे. गाडी लिलावात जाते तेव्हा ही बाडे मुदत संपलेल्या कागदांबरोबर रद्दीत जातात. कार्ब्युरेटरसाठी दिल्लीपर्यंत पत्रव्यवहार करणाऱ्या माणसाने एक अर्ज संबंधित कचेरीकडे त्या बाडांसाठीही करावा, आणि जो चालक निवृत्त होऊन मूल किंवा अहेरीकडे राहत असेल, त्याला गाडीजवळ आणून बसवून कोणता डाग कोणत्या नाल्यातला ते विचारून, तारखेसह लिहून ठेवावे.