पोटगी (घटस्फोट व वैवाहिक दाव्यांतील)

पोटगी : स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या पती-पत्नीपैकी एकाला आणि मुलांना न्यायालयाच्या आदेशाने मिळणारी निर्वाहाची रक्कम. शब्द पोटावरून आला, पण हिशेब नुसत्या भाकरीचा नसतो. घरभाडे, औषधपाणी, शाळेची फी हे सारे त्यात धरले जाते. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २४ खाली दावा चालू असेतो अंतरिम पोटगी व दाव्याचा खर्च, कलम २५ खाली कायम पोटगी आणि कलम २६ खाली मुलांच्या संगोपन-शिक्षणाची तरतूद मागता येते. कलम २४ व २५ खाली पतीलाही अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५) वापरायला घटस्फोटाचा दावा लागत नाही. माहेरी राहणारी पत्नी तिथल्याच न्यायालयात अर्ज देऊ शकते.

अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होते, ते नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात दिसते. मूल जन्मल्यावर लवकरच, जानेवारी २०१३ मध्ये, पत्नीने सासर सोडले; अर्ज त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. पत्नीला दरमहा १५,००० व मुलाला आधी ५,००० आणि पुढे १०,००० रुपये, हा आदेश ऑगस्ट २०१५ चा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. तोवर ते मूल सात वर्षांचे झाले होते. याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे आणि दोन्ही पक्षांनी मिळकत, कर्जे, खर्च यांचे शपथपत्र दाखल करण्याचे बंधन घातले. शेतकरी पक्षकारांसाठी शपथपत्राचा नमुना वेगळा आहे, आणि ते फार गरजेचे होते : नोकरदाराची पगारपावती सापडते, पण सातबारा भावाच्या नावावर आणि ऊसबिल वडिलांच्या खात्यात असले, की कमाई सिद्ध करताना बाईची दमछाक होते.

आदेशानंतरही वसुली उरतेच. कलम १४४ खालच्या आदेशाची रक्कम थकली, तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. न्यायालय वॉरंट काढते, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.