काडतूस, ध्वनीपेक्षा कमी वेगाचे

ज्या काडतुसातली गोळी नळीच्या तोंडाशीही ध्वनीच्या वेगाखाली राहते, ते. नेमबाजांच्या तोंडी मात्र ‘सबसॉनिक’ हाच शब्द. नळीतून सुटणाऱ्या वायूचा दणका सायलेन्सर दबवतो. स्वनातीत गोळीने हवेत उठवलेला कडाका त्याच्या हाती नसतो. म्हणून दोहोंची जोडी जमली. हायरम पर्सी मॅक्झिम यांना सायलेन्सरचे अमेरिकी पेटंट १९०९ मध्ये मिळाले.

वेगाची ही सीमा तापमानाप्रमाणे सरकते. अहिल्यानगरच्या थंडीत पारा १० अंशांवर आला की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर. मे महिन्यात ४० अंशांना तो ३५५. म्हणजे ३४५ मीटर वेगाची गोळी दुपारी मुकाट जाईल आणि डिसेंबरच्या पहाटे कडाडेल. (उन्हात तापलेली दारू गोळीचा वेगही वाढवते, हे वेगळेच.)

अशी काडतुसे हाताने भरण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेतला. दारू कमी, म्हणजे धोका कमी, हा समज घातक आहे. बार फार हलका झाला तर गोळी नळीतच अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटते. अर्ध्या रिकाम्या पुंगळीत दारू पुढे सरकली की मागे, यावर दाब बदलतो. जड गोळीला नळीतल्या आट्यांनी पुरेशी फिरकी दिली नाही, तर ती डगमगत सायलेन्सरच्या आतल्या पडद्यांवर आदळते. म्हणून जाणते लोक दारू-उत्पादकाने तपासून छापलेलीच मापे वापरतात, प्रत्येक बार तोलतात आणि आवाज दबका आला की बंदूक रिकामी करून नळी आरपार पाहतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात तो खडकी (१८६९) आणि वरणगाव येथील सरकारी कारखान्यांत तयार होतो.

मराठी माणसाने या वेगाच्या गोळीला खरे नाव मिळवून दिले ते खेळात, आणि तिथे सायलेन्सरचा संबंधच नाही. ५० मीटर रायफलची .२२ गोळी साधारण ३२५ मीटर वेगाने सुटते, कारण ध्वनीची सीमा वरून खाली ओलांडताना बसणारा हेलकावा नेम बिघडवतो. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिकचे जगज्जेतेपद आणि स्वप्निल कुसाळे यांचे पॅरिस २०२४ चे कांस्य ही याच रायफलची कमाई. हाताने भरण्याचा इथे प्रश्न नाही. एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपा रायफल पकडीत आवळून उडवून पाहतात आणि जिची भोके सर्वांत जवळ पडतात ती खेप नेमबाज घेतो. या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याच्या ठोक्याने ती कड चेपते, त्यामुळे उडालेली पुंगळी पुन्हा भरत नाहीत. ती भंगारात जाते.