नस वाचवायची तर आधी ती शोधा

गालगुंड झाल्यावर कानाखाली जी लाळग्रंथी सुजते, ती पॅरोटिड. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस, म्हणजे फेशियल नर्व्ह, कानामागच्या हाडालगत कवटीबाहेर पडते आणि थेट या ग्रंथीत शिरते. आत तिला फाटे फुटतात; शरीररचनाशास्त्राने त्या जागेला हंसाच्या पायाचे नाव दिले आहे. ग्रंथीत गाठ झाली, की रुग्णाचे हसू आणि डोळा मिटण्याची शक्ती सुरीच्या टप्प्यात येते.

मुळात या नसेचे काम काय, हेच दीर्घकाळ स्पष्ट नव्हते. चेहऱ्यात असह्य कळा येणाऱ्या रुग्णांची हीच नस काही शल्यचिकित्सक कापत. कळा तशाच राहत, चेहरा मात्र लुळा पडे! १८२१ मध्ये चार्ल्स बेल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या नसेचे कार्य वेगळे करून मांडले. (त्याच्या मांडणीतल्या त्रुटी हर्बर्ट मेयोने पुढच्याच वर्षी सुधारल्या, नाव मात्र बेलचेच राहिले.)

कार्य कळले, तशी भीतीही वाढली. नस दुखावू नये म्हणून अनेक जण छोटा छेद घेऊन, शेंगेतून दाणा काढावा तशी, फक्त गाठ सोलून काढत. दिसायला हा शहाणपणा. परंतु तेव्हा ‘मिश्र’ म्हटल्या जाणाऱ्या, सर्वाधिक आढळणाऱ्या गाठीचे आवरण सलग नसते. तिचे कोंब मागे राहत आणि वर्षांनी ती पुन्हा वाढे. १९३६ मध्ये जोसेफ मॅक्फार्लंडने लाळग्रंथींच्या अशा ३०० गाठींचा आढावा प्रसिद्ध केला. ६९ परतल्या होत्या. दुसऱ्या शस्त्रक्रियेत नस जुन्या व्रणात गुरफटलेली असे. जिच्यासाठी हात आखडता घेतला, तीच आता अधिक धोक्यात.

उत्तर उलट्या दिशेने आले: नस टाळू नका, आधी ती उघडी करा, मग गाठीसह ग्रंथीचा भाग काढा. इंग्लंडमध्ये कारवर्डिनने १९०७ मध्ये, अमेरिकेत अ‍ॅड्सन आणि ऑट यांनी १९२३ मध्ये नस राखून केलेल्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या होत्या; ही पद्धत रुळली ती १९४० नंतर.

शोधण्याच्या खुणा आजही त्याच. कानाच्या छिद्रापुढच्या कूर्चेचे टोक जणू बोट दाखवते. तिथून सुमारे १ सेंटीमीटर खोल, किंचित खाली आणि पुढे नसेचे खोड सापडते. गाठच त्या जागी बसली असेल, तर गालावरची एखादी बारीक शाखा गाठून तिच्या मागाने उलटे, खोडाकडे जायचे.