निजाम-कंपनी तह, १८०० : निवडक कलमांवर भाष्य

मराठवाड्यातले परतूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या राज्यात होते, त्या निजामी राज्याचे हातपाय १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने बांधले गेले. त्यातली तीन कलमे इथे घेतो. आशय तहाचा, शब्द माझे.

एकाचे मित्र ते दोघांचे मित्र, एकाचे शत्रू ते दोघांचे शत्रू.

शत्रूचे नाव इथे घातलेले नाही, पण रोख मराठ्यांवर आहे हे उघड आहे. ११ मार्च १७९५ ला खर्ड्यावर निजाम अली खान हरला, तेव्हा गव्हर्नर जनरल जॉन शोर तटस्थ राहिला होता. ते पुन्हा घडू नये, ही हैदराबादची धडपड. कौटिल्याच्या मंडलात सीमेला सीमा भिडलेला राजा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र. निजामाच्या पश्चिमेला पेशवे, ईशान्येला नागपूरकर भोसले, आणि हाती समुद्रकिनारा नाही. शेजाऱ्यांत सख्य कधी झालेच नाही असे नव्हे. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत बाजीराव निजामाच्या बाजूने होता. पण चौथाई-सरदेशमुखीचा तंटा मिटेना, आणि १७२८ मध्ये पालखेडला दोघे एकमेकांवर उठले.

कंपनीच्या पायदळाच्या आठ पलटणी आणि घोडदळाच्या दोन रेजिमेंटी कायम तैनात राहतील. खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख कंपनीला.

रोख पैसा थकला तर तगादा लागतो, मुलूख दिला की परतीची वाटच बंद होते. बल्लारी, कडप्पा हे प्रांत गेले. निजामाची दक्षिण सीमा आता थेट कंपनीला लागली. पलीकडचा मित्र म्हणून ज्याला आणले तोच शेजारी झाला, हे हैदराबादच्या मुत्सद्द्यांना दिसले नसेल असे मला वाटत नाही. खर्ड्याची धास्ती त्याहून मोठी होती.

कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी बोलणी नाहीत. तंटा झाल्यास निवाडा कंपनीचा.

सगळ्यात घातक कलम हेच. फौज आणि मुलूख यांच्यापेक्षा शेजाऱ्याशी स्वतः बोलण्याचा हक्क मोठा, आणि तोच इथे सुटला. पुणे आणि हैदराबाद लढत होते, तसे तहही करत होते. त्या वाटेवर आता तिसरा बसला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावानेही तसाच तह केला. १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी कंपनीचे युद्ध पेटले, तेव्हा हैदराबादची तैनाती फौज घेऊन कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांचे जालना घेतले. २१ सप्टेंबरला बदनापूरला त्याची आणि कंपनीचा सेनापती वेलस्ली याची भेट झाली आणि २३ तारखेला असईची लढाई झाली. युद्धाअखेर भोसल्यांचे वऱ्हाड निजामाला मिळाले. १८५३ मध्ये निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या थकबाकीपोटी तेच वऱ्हाड कंपनीने आपल्या कारभाराखाली घेतले. परतूरच्या ईशान्येचे मंठा निजामाकडे राहिले, त्यापुढचे लोणार इंग्रजी अंमलात गेले.