चिखलाने आधीच सांगितलं होतं

मोटोक्रॉसची बाईक कधी जवळून पाहिली आहे? नसेल तर एखादा फोटो काढा आणि पुढचं मडगार्ड बघा. आपल्या रोजच्या बाईकचं मडगार्ड चाकाला जवळजवळ चिकटून असतं. मोटोक्रॉसच्या बाईकवर ते चाकापासून वीतभर किंवा जास्तच वर, पक्ष्याच्या चोचीसारखं पुढे आलेलं दिसतं. कारण एकच, चिखल. मडगार्ड चाकाजवळ असेल तर मधल्या फटीत चिखल भरत जातो, घट्ट दाबला जातो आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. (हल्लीच्या बऱ्याच ॲडव्हेंचर बाईकना वर चोच असते आणि खाली चाकाजवळ खरं मडगार्डही असतं. म्हणजे चोच फक्त दिखाव्याची.)

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोट भरतो कोड लिहून, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे. त्यामुळे यंत्रांचं वेड रात्रीच्या व्हिडिओंवर भागवावं लागतं. साठच्या दशकातल्या कृष्णधवल शर्यती बघताना एक गोष्ट मनात घर करून बसली. ब्रिटनचा मोटारसायकल उद्योग बुडाला तो जपान्यांच्या स्वस्त आणि भरवशाच्या गाड्यांमुळे, असं आपण ऐकलेलं असतं. ते खोटं नाही. पण बाजारात हरण्याच्या कितीतरी आधी ब्रिटिश बाईक चिखलात हरली होती. आणि ती हार रविवारी दुपारी, हजारो लोकांसमोर, उघड्यावर झाली होती.

सुरुवात मात्र ब्रिटिशांचीच. यॉर्कशायरमधल्या शिपली गावात आल्फ्रेड अँगस स्कॉट नावाच्या इंजिनिअरचा मोटारसायकलचा कारखाना होता. १९१४ साली त्याने आपल्या कामगारांना आव्हान दिलं की, कारखान्यातून निघा आणि डोंगर, ओढे, दलदल पार करत बर्नसॉल गावापर्यंत पोचा. चौदा जण निघाले, नऊ पोचले. हीच ‘स्कॉट ट्रायल’. तिच्यात वेगाबरोबर कौशल्याचेही गुण असत. दहा वर्षांनी, मार्च १९२४ मध्ये, दक्षिणेत कॅम्बर्लीच्या क्लबाने कौशल्याचे गुण काढून टाकले आणि जो आधी पोचेल तो जिंकला, एवढंच ठेवलं. अशा धडपडीला नाव पडलं ‘स्क्रॅम्बल’. पुढे फ्रेंच भाषिकांनी ‘मोटोसिक्लेत’ आणि ‘क्रॉस-कंट्री’ जोडून ‘मोटोक्रॉस’ केलं आणि जगाने तेच उचललं.

यात एक गंमत आहे. स्कॉटची बाईक टू-स्ट्रोक होती. म्हणजे ज्या इंजिनाने पुढे ब्रिटिशांना चिखलात लोळवलं, ते या खेळाच्या जन्मालाच हजर होतं. त्याच्याकडे मधली चाळीस वर्षं कोणी गंभीरपणे पाहिलं नाही.

आता चिखलात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे.

भातलावणीआधीची चिखलणी आठवा. पहिल्या फेरीत तीस-चाळीस बाईक ट्रॅकची तीच गत करतात. वरचं गवत जातं, माती मळली जाते, मग चाकोऱ्या पडतात. त्या चाकोऱ्या प्रत्येक फेरीगणिक खोल होतात, इतक्या की बाईकची फुटरेस्ट काठाला घासायला लागते. एकदा त्यात चाक गेलं की हँडल तुमचं, पण दिशा चाकोरीची. टायरच्या गुट्ट्यांमधली जागा मातीने भरली की टायर गुळगुळीत होतो. ती माती उडवून टाकायला चाक जोरात फिरत राहावं लागतं, म्हणून वेग कमी करणं हा चिखलात उपाय नसतो. उभं राहायचं, वजन मागे टाकायचं म्हणजे पुढचं चाक रुतत नाही, थ्रॉटल सोडायचा नाही. पुढच्याच्या मागच्या चाकातून उडालेली माती थेट तोंडावर येते. म्हणून गॉगलवर पारदर्शक पापुद्रे लावलेले असतात. एक माखला की ओढून फेकायचा. ते संपले की गॉगलच फेकायचा आणि डोळे मिचकावत पुढे जायचं.

आणि वजन. बाईकवर, बुटांवर, कपड्यांवर मिळून पंधरा-वीस किलो चिखल सहज चढतो. मेकॅनिक मंडळी इंजिनाखालच्या पत्र्याच्या सांदीत, फुटरेस्टच्या स्प्रिंगभोवती स्पंज कोंबतात. हेतू हा की तिथे काहीतरी भरायचंच असेल तर निदान हलकं भरावं. जुगाड वाटतो, पण कारखान्यांचे संघही हेच करतात.

चिखलात पडणं ठरलेलंच. खरा प्रश्न पडल्यानंतरचा. रुतलेली बाईक उपसायची, उभी करायची आणि पुन्हा किक मारायची. त्या काळी अशा पाऊण-पाऊण तासाच्या दोन फेऱ्या असत. दीडशे किलोंची बाईक एकदा उचलाल, दोनदा उचलाल. शिवाय मोठं फोर-स्ट्रोक इंजिन तापलेलं असताना बंद पडलं की चटकन सुरू होत नसे. टू-स्ट्रोक बहुधा दोन किकमध्ये बोलायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे कोणाला दिसत नव्हतं, कारण सगळेच जड बाईक चालवत होते. १९४७ मध्ये नेदरलँड्समध्ये देशादेशांची पहिली शर्यत, ‘मोटोक्रॉस दे नासिआँ’, भरली आणि ब्रिटन जिंकलं. पन्नासच्या दशकात जगातली सगळ्यात मोठी मोटारसायकल कंपनी होती बर्मिंगहॅमची बीएसए. आपल्याला बीएसए म्हणजे लहानपणीची सायकल. मूळ नाव ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’, म्हणजे बंदुकांचा कारखाना. तिची ५०० सीसीची गोल्ड स्टार चिखलातही जिंकायची. दीडशे किलोंच्या आसपास वजन होतं, पण शेजारचाही तेवढंच ओढत होता.

बीएसएमध्ये बदलाची चाहूल लागलेला एक माणूस होता, जेफ स्मिथ. त्याने उलटा विचार केला. मोठी बाईक छाटत बसण्यापेक्षा रस्त्यावरच्या साध्या २५० सीसी बाईकचं इंजिन फुगवायचं. त्या कुळातली ४२० सीसीची बाईक गोल्ड स्टारपेक्षा कितीतरी हलकी निघाली. १९६४ आणि १९६५, सलग दोन वर्षं स्मिथ ५०० सीसी गटाचा विश्वविजेता झाला. मला हा या कथेतला सगळ्यात हुशार इंजिनिअरिंगचा निर्णय वाटतो, आणि सगळ्यात दुर्दैवीही. कारण त्यामुळे कंपनीला वाटलं, प्रश्न सुटला.

तिकडे पोलादी पडद्यापलीकडे वेगळंच शिजत होतं. टू-स्ट्रोकचा जुना दोष असा की, सिलिंडरमध्ये आलेलं ताजं इंधन जळण्याआधीच थोडं सायलेन्सरवाटे निसटतं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने हा दोष आवाजाच्या लाटांनी बांधून काढला. सायलेन्सरची नळी मध्ये फुगवायची आणि पुढे निमुळती करायची. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटलेलं इंधन पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ना झडप, ना जास्तीचा सुटा भाग. फक्त पत्र्याचा आकार. १९६१ मध्ये त्याचं १२५ सीसी इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली. सप्टेंबरमध्ये एमझेडचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर परत गेलाच नाही. त्याच्या बायको-मुलांना गाडीच्या डिकीत लपवून आधीच पश्चिमेला आणलं होतं. डेग्नर सुझुकीकडे गेला आणि काडेनची विद्या सोबत घेऊन गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. काडेन मात्र मागेच राहिला. यात चोर कोण आणि सुटका कोणाची, हे मला आजही ठरवता येत नाही.

हे सगळं डांबरी ट्रॅकवरचं. पण तीच फुगीर नळी चिखलातही आली. स्वीडनची हस्कवार्ना आणि चेकोस्लोव्हाकियाची सीझेड यांनी २५० सीसी गट आधीच बळकावला होता. (सीझेड म्हणजे जावाची भावंड कंपनी, आणि जावा म्हणजे आपल्या येझदीचं माहेर.) ५०० सीसीत मात्र टू-स्ट्रोक टिकणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिक्स ३६० सीसीची सीझेड घेऊन आला आणि विश्वविजेता झाला. ६७ मध्ये पुन्हा. ६८ मध्ये पुन्हा.

त्याच १९६६ मध्ये बीएसएने काय केलं? टायटॅनियमची फ्रेम बनवली. कागदावर उत्तर बिनचूक होतं, पोलादाच्या ताकदीला पोलादापेक्षा खूप कमी वजन. पण टायटॅनियम पोलादापेक्षा जास्त लवतं. त्या नळ्यांची फ्रेम खड्ड्यांत वाकायची, तडकायची. आणि तडकली की मैदानावर जोडता येत नसे, कारण टायटॅनियमचं वेल्डिंग हवेत होत नाही, त्याला आर्गॉनसारख्या वायूचं आवरण लागतं. चिखलात उभ्या असलेल्या तंबूत आर्गॉन कुठून आणणार? सीझेडची फ्रेम साध्या पोलादाची होती. ती कोणीही जोडू शकत होतं.

आमच्या धंद्यात हा आजार रोज दिसतो. पाया जुना झालाय हे मान्य करायचं नसतं, म्हणून त्याच पायावर सगळ्यात महागडं तंत्र चढवायचं. बीएसएला हलकी बाईक हवी होती, पण फोर-स्ट्रोक सोडायचं नव्हतं. मग वजन फ्रेममधून काढायचं ठरलं.

आणि तरी ते किती जवळ होते बघा. १९६८ मध्ये बीएसएचा जॉन बँक्स फ्रीडरिक्सच्या मागे फक्त एका गुणाने राहिला. पुढच्या वर्षीही तो दुसरा आला. एका गुणाची हार ही कधीकधी मोठ्या हारेपेक्षा वाईट, कारण तिच्यातून कोणी काही शिकत नाही. स्मिथनंतर ५०० सीसीचं विश्वविजेतेपद फोर-स्ट्रोकला पुन्हा मिळायला १९९३ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं.

१९७० मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेअरने सुझुकीवर २५० सीसीचं विजेतेपद घेतलं, जपानी कंपनीचं मोटोक्रॉसमधलं पहिलं. पुढच्या वर्षी त्याच देशाच्या रॉजर डी कॉस्टरने सुझुकीवरच ५०० सीसीचं घेतलं. या बाईक इतक्या हलक्या झाल्या की १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेला किमान वजनाचा नियम आणावा लागला. ५०० सीसीसाठी ९५ किलो. सुझुकीला आपल्याच बाईकवर वजन चढवावं लागलं. डी कॉस्टर तरीही जिंकला. आज मोटोक्रॉसमध्ये फोर-स्ट्रोक परतलेत खरे, पण त्यामागे धुराचे कायदे आणि फोर-स्ट्रोकला मोठं इंजिन देणारे नियम आहेत. ती वेगळी गोष्ट.

बीएसएने १९७१ मध्ये शर्यतींचा विभाग बंद केला. दोनेक वर्षांत कंपनीच संपली आणि बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमधल्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या माणसांची रोजीरोटी गेली. स्मिथ अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीत गेला आणि तिच्या ‘कॅन-ॲम’ मोटोक्रॉस बाईक घडवू लागला. फोर-स्ट्रोकच्या शेवटच्या मोठ्या विजेत्याने तिथे काय बनवलं? टू-स्ट्रोक.

बीएसएचं नाव २०१६ मध्ये महिंद्राच्या क्लासिक लेजेंड्सने विकत घेतलं. जावा आणि येझदी पुन्हा बाजारात आणल्या त्याही याच कंपनीने. एकेकाळी चिखलात एकमेकांच्या तोंडावर माती उडवणारी घराणी आता एकाच मालकाकडे नांदतात. नवी गोल्ड स्टार ६५० सीसीची आहे आणि तिचं वजन दोनशे किलोंच्या वर जातं. पुढचं मडगार्ड चाकाला चिकटून आहे.