गहू टिकतो, पीठ का टिकत नाही?

उन्हाळ्यात वर्षाचे गहू घ्यायचे, ते उन्हात वाळवून, निवडून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचे, ही रीत आपल्याकडे अजूनही अनेक घरांत आहे. पण वर्षाची कणीक कोणी दळून ठेवत नाही. दळण पंधरा दिवसांचे, फार तर महिन्याचे. दाणा टिकतो आणि त्याचेच पीठ टिकत नाही, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एका आजाराच्या इतिहासापर्यंत जावे लागले.

धान्य साठवणे हे शेतीइतकेच जुने काम. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत धान्याची पेवे सापडली आहेत. रोमन लेखक व्हॅरो याने इ.स.पू. ३७ मध्ये शेतीवर ग्रंथ लिहिला. जमिनीखालच्या पेवात हवा लागू न देता ठेवलेला गहू ५० वर्षे टिकतो, असे त्यात म्हटले आहे. पेव उघडल्याबरोबर आत शिरू नये, माणसे गुदमरतात, असेही त्याने बजावले आहे.

या दोन्ही गोष्टींचे कारण एकच. गव्हाचा दाणा जिवंत असतो आणि अगदी मंदपणे श्वसन करत असतो. बंद पेवात दाणे, किडे आणि बुरशी मिळून हवेतील ऑक्सिजन वापरून टाकतात व कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यात किडे मरतात, आणि घाईने उतरणारा माणूसही. कोरडा दाणा मात्र सुप्तावस्थेत तग धरतो. त्यातील पाण्याचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास असेल, तर बुरशीलाही वाढता येत नाही. गहू भरण्यापूर्वी उन्हात घालतात ते यासाठीच.

आता दाण्याच्या आत पाहू. बाहेर कोंडा, आत पांढरा पिष्टमय गर आणि एका टोकाला अंकुर. अंकुराचे वजन दाण्याच्या दोन-तीन टक्केच, पण त्यात सुमारे १० टक्के तेल असते. अखंड दाण्यात हे तेल आणि त्याचे विघटन करणारी विकरे एकमेकांपासून वेगळी राहतात. दळताना ती एकत्र येतात, शिवाय पिठाच्या कणाकणाला हवा लागते. तेलाचे विघटन होते, ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते आणि पीठ खवट होते.

जात्याच्या किंवा पाणचक्कीच्या दगडांखाली अंकुर भरडला जाऊन पिठातच मिसळत असे. १८७० नंतर बुडापेस्ट आणि मिनियापोलिस येथील गिरण्यांत दगडांच्या जागी धातूचे रूळ आले. रुळांखाली तेलकट अंकुर चपटा होतो आणि चाळणीने कोंड्याबरोबर अलगद वेगळा काढता येतो. उरते ते पांढरेशुभ्र पीठ. ते कित्येक महिने टिके. जहाजाने दूरदेशी पाठवता येई, घरी पिंपात भरून ठेवता येई. घरात पाव भाजणाऱ्यांना ही मोठीच सोय झाली.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडॉर हे प्रदेश आहेत. हिवाळ्यात तेथील समुद्र गोठतो. जहाजे येत नसल्यामुळे किनाऱ्यावरील कोळी कुटुंबे साठवलेल्या पांढऱ्या पिठाच्या पावावर दिवस काढीत. त्यांच्यात पाय लुळे पडणे, हृदय दुबळे होणे ही बेरीबेरीची लक्षणे दिसू लागली. तेथे काम करणाऱ्या डॉ. जॉन लिटल यांनी १९१२ मध्ये पांढऱ्या पिठाकडेच बोट दाखवले. कोंड्यासकटचे पीठ घेऊन जाणारे एक जहाज तेथे अडकले, त्याचा माल लोकांच्या खाण्यात आला आणि त्या भागात वर्षभर बेरीबेरीचा रुग्ण आढळला नाही, अशी हकीकत त्यांनी नोंदवली आहे.

पिठातून काय निघून गेले होते? ब-१ जीवनसत्त्व. ते मुख्यतः अंकुर आणि कोंड्याजवळच्या थरांत असते. पीठ टिकावे म्हणून जे काढले, त्याच्याबरोबर हेही गेले. १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९४१ पासून अमेरिकेत पांढऱ्या पिठात जीवनसत्त्वे व लोह मिसळले जाऊ लागले. चोथा मात्र परत घातला गेला नाही.

वर्षाचे गहू आणि पंधरा दिवसांचे दळण, या आपल्या रीतीत टिकाऊपणा आणि पोषण या दोहोंचा मेळ आहे. कणीक अधिक दिवस ठेवायचीच असेल, तर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. थंडीत या अभिक्रिया मंदावतात.

वर्गात हे करून पाहता येईल. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तीन बाटल्यांत गहू, ताजी कणीक आणि मैदा भरा. दर आठवड्याला मुलांना वास घेऊन नोंद करायला सांगा; चव मात्र घेऊ देऊ नका. कोणती बाटली आधी खवट होईल आणि का, हे मुलांकडून आधीच लिहून घ्या.